वल न धरणारी पेटी

जोतिराम आप्पांच्या हातात लग्नाची पत्रिका दिली तर ते ती वाचत नाहीत. आधी तिचा कोपरा दोन बोटांत धरून चुरतात, मग कानाजवळ नेऊन टिचकी मारतात आणि जाहीर करतात, "वल हाय." लग्न कुणाचं, कुठं, मुहूर्त कितीचा, हे सगळं नंतर. वल म्हणजे ओल. आप्पांच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार आहेत, वल धरलेल्या आणि अजून न धरलेल्या.

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी उलट्या हातानं सोफा चाचपला. बायकोनं चहाबरोबर बिस्कीट दिलं तर ते मोडून त्याचा आवाज ऐकला. जाताना भिंतीला पंजा लावून थोडा वेळ उभे राहिले नि म्हणाले, "मास्तर, ही भिंत वल धरणार. औंदा न्हाय, फुडच्या साली." पुढच्या साली त्या भिंतीचे पोपडे आमच्या ताटात पडायला लागले. तेव्हापासून आप्पा आले की बायको बिस्किटांचा नवा पुडा फोडते.

हे वेड नव्हे, धंद्याची सवय आहे. आप्पांनी निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत तीस-बत्तीस वर्षं काढली. हमाल म्हणून शिरले आणि अख्खी वखार सांभाळून बाहेर पडले. तंबाखूचा मोठा वैरी म्हणजे पावसाळी हवा. गोणपाटात आवळून शिवलेली तंबाखूची गठडी, तिला बोद म्हणतात, ती एकदा आतून ओलसर झाली की बुरशी धरते आणि शेजारच्या बोदालाही बाटवते. म्हणून पावसाळाभर कुठल्या दिवशी वखारीचं कुठलं दार किती बोटं उघडायचं, हे आप्पा ठरवायचे. मुठीत पान चुरलं की त्यांना हवेतली ओल कळायची. "माझ्या हातचा एक बोद कवा कुजला न्हाय," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणतात. फुशारकी म्हणून नव्हे. आज मंगळवार आहे हे सांगावं तसं सांगतात.

मी त्यांचा शेजारी. शाळेत कन्नड शिकवतो, घरी मराठी बोलतो, आणि दोन्हीकडच्यांना माझे उच्चार दुसरीकडचे वाटतात. आमच्या गल्लीत कन्नड बोलता सगळ्यांना येतं, वाचता फारसं कुणाला येत नाही. त्यामुळं सरकारी कागद आला की तो आधी माझ्या दारात येतो. मी वाचून दाखवतो, माणूस "आस्सं व्हय" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. आप्पा त्यातलं नेहमीचं गिऱ्हाईक.

त्यांना एकच मुलगा, दीपक. माझ्याच हाताखालून गेलेला, हुशार, आता बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दीपकची आई जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर त्याचा फोन रविवारी यायचा. आप्पा फोन कानाला लावत नाहीत. स्पीकर चालू करून हातभर लांब धरतात आणि नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं बोलतात. त्यामुळं तो फोन आम्हालाही भिंतीतून ऐकू यायचा. ऐकण्यासारखं त्यात काही नसायचं म्हणा.

"बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. तू?"

"बरा हाय."

"ठेवू मग?"

"ठेव."

एवढ्यात रविवार संपायचा. आप्पा फोन खुंटीवरच्या पिशवीत टाकायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत ती पिशवी तिथंच लोंबकळायची.

अशात एका वर्षी शिमग्याच्या सुमारास दीपक एक जड खोकं घेऊन आला. आतून निघालं एक लोखंडी मशीन. पावाच्या मोठ्या लादीएवढं, पुढं-मागं पंखे. सुरू केलं तर पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. गल्लीतली दोन कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत गेली.

"हे करतंय काय?" मी विचारलं.

"गणितं सोडवतंय, सर. दिवसरात्र. जगात अशी लई मशीनं हाईत, सगळी एकच गणित सोडवत बसल्यात. ज्याचं उत्तर पयलं येतंय त्याला नाणं मिळतंय. आमच्यासारखी छोटी मशीनं गट करून सोडवत्यात आणि वाटून घेत्यात."

"कसलं नाणं?" आप्पांनी हात पुढं केला.

"ते हातात घ्यायचं नसतंय, आप्पा. दिसत बी न्हाय. फोनमदीच असतंय."

आप्पांनी हात मागं घेतला. थोडा विचार करून म्हणाले, "म्हंजे वल धरायची भीती न्हाय." एवढ्या एका गुणावर ते नाणं त्यांच्या पसंतीस उतरलं.

बेंगळूरच्या फ्लॅटमध्ये त्या मशीननं शेजाऱ्यांची झोप उडवली होती. सोसायटीनं दोनदा चिठ्ठी लावली, तिसऱ्यांदा वॉचमन वर आला. म्हणून दीपकनं ते गावी आणलं होतं. पण आप्पांचं घर दोन खोल्यांचं. आत ठेवलं तर आवाज आणि धग, दोन्ही सोसवेनात. बाहेर परड्यात जागा भरपूर, पण निपाणीचा पाऊस बाहेर ठेवलेल्या माणसालाही बुरशी आणील.

"भाड्यानं एकादी खोली बघतो," दीपक म्हणाला.

"कशाला?" आप्पा ताठ झाले. "परड्यात पेटी करतो मी. एक थेंब आत जाणार न्हाय. तीस वर्सं काय केलं मी? माझ्या हातचा एक बोद..."

"कुजला न्हाय," आम्ही दोघांनी पुरं केलं.

"बरं," दीपक म्हणाला. "मग मी रोज सांजच्याला सातला फोन करतो. पेटीतलं टेंपरेचर तेवढं बघून सांगायचं."

त्यानं एक छोटा तापमापक देऊन ठेवला आणि तो गेला. आणि खरोखरच रोज सातला फोन यायला लागला. आप्पा साडेसहालाच हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून, टोपी चढवून तयार. फोनवर काही दिसत नाही हे मी त्यांना सांगून पाहिलं. "न्हाय दिसंना, मला ठावं असतंय की," ते म्हणाले. टेंपरेचरपासून सुरू झालेलं बोलणं पेटीवर जायचं, पेटीवरून वखारीवर, वखारीवरून बोरगावच्या बाजारात. अर्धा-अर्धा तास. मशीन आहे म्हणून फोन आहे, हे आप्पांना आमच्याहून चांगलं कळत होतं. एकदा मला म्हणाले, "मशीन बंद पडलं तर पोरगं कशापायी फोन करंल, मास्तर?" आणि मी काही बोलायच्या आत माझ्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेऊन त्याचा कोपरा चुरू लागले.

तेव्हा ती पेटी म्हणजे साधं सुतारकाम नव्हतं. तिच्यावर रोजचं सात वाजणं अवलंबून होतं.

पहिली पेटी आप्पांनी एकट्यानं केली, आणि जे ज्ञान तीस वर्षं उपयोगी पडलं त्यानंच त्यांचा घात केला. देवदारी खोक्यांच्या फळ्या जोडल्या. आतून ताडपत्री लावली. फटींत मेण भरलं. मशीन आत ठेवून वर गोणपाट ओढलं आणि दाभण-सुतळीनं चारी बाजूंनी शिवून टाकलं. असा बोद मी आयुष्यात पाहिला नव्हता. एक वायर बाहेर आलेली नसती तर कुणीही तो लिलावात उचलला असता. आप्पा दोन पावलं मागं जाऊन बघत राहिले.

सातला फोन आला. "आप्पा, टेंपरेचर किती?"

आता टेंपरेचर बघायला आत शिरणार कुठून? दार ठेवलंच नव्हतं. आप्पा म्हणाले, "आत चांगलं हाय ते. आवाज बी करंना झालंय."

आवाज करत नव्हतं कारण ते तापून आपोआप बंद पडलं होतं. दीपकनं समजावलं की मशीनला सतत गार वारा आत लागतो आणि गरम वारा बाहेर टाकायला वाट लागते. आप्पांना हे पटायला दोन दिवस गेले. कधी मला, कधी माझ्या बायकोला अडवून सांगायचे, "वारं खाणारा माल पयल्यांदाच बघतोय बगा. तंबाखूला वारं लागलं की गेलाच. ह्याला न्हाय लागलं की गेला. उफराटा माल!"

दुसरी पेटी पत्र्याची. ती रफीकनं करून दिली, त्याचं नाक्यावर फॅब्रिकेशनचं दुकान आहे. समोरासमोरच्या बाजूंना जाळी, वर उतरतं छप्पर. पंधरा दिवस चांगली चालली. मग वळवाचा पाऊस आला, तो काही छपरावर पडायला आलेला नव्हता. तो आडवा आला, थेट जाळीवर. मी शाळेतून येऊन बघतो तर आप्पा परड्यात छत्री घेऊन उभे. छत्री पेटीवर, स्वतः नखशिखांत भिजलेले, पायात रबरी चपला.

"आप्पा, बटन बंद करा की!" मी भिंतीवरून ओरडलो.

"चालू ठेवायचं म्हणून सांगितलंय त्यानं!"

"अहो, शॉक बसंल!"

"म्हणून तर चप्पल घातलीया!"

शेवटी माझ्या बायकोनं त्यांच्या घरात जाऊन मेन स्विच पाडला. आप्पा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सर्दी झाली म्हणून काढा मागायला आले, आणि काढा पिता पिता म्हणाले, "बटन पाडलंसा ते बरं केलंसा. खरं मला सांगून पाडायला पायजे होतं."

त्यानंतर आप्पा गंभीर झाले. दोन आठवडे पेटीला हात लावला नाही, नुसता विचार केला. मशीन तेवढे दिवस दिवसा पडवीत चालायचं, पण ढग आले की बंद. एक दिवस एसटीनं बेळगावला वडगावात गेले. तिथं त्यांचा साडू, घरात यंत्रमाग. खटखटाटात माणसं कशी राहतात नि सुताला हवा कशी देतात, हे बघायला गेलेले. परत आले ते एवढंच शिकून, की वडगावात माग थांबला तर पोरं दचकून जागी होतात. पण येताना साडूकडून मोटारीच्या दाराचं जुनं रबर घेऊन आले, म्हणजे खेप अगदीच फुकट गेली नाही.

तिसरी पेटी पाऊस सुरू व्हायच्या आत उभी राहिली आणि ती खरंच बघण्यासारखी आहे. चार लोखंडी पायांवर कंबरेएवढी उंच. छपराला पत्र्याचे दोन थर, मधे चार बोटं मोकळी जागा, म्हणजे उन्हाचा ताव खाली उतरत नाही. वारा आत येतो त्या बाजूला आणि बाहेर जातो त्या बाजूला, दोन्हीकडं पुढं आलेली पत्र्याची टोपरी, तोंडं जमिनीकडं. पाऊस आडवा आला तरी त्याला आत शिरायला खालून वर चढावं लागेल. "पाऊस काय बी करंल, खरं उलटा चढणार न्हाय," आप्पा म्हणाले. टोपऱ्यांच्या आत मच्छरदाणीची जाळी, म्हणजे पाल शिरणार नाही. पायांना ग्रीस, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. दाराला ते वडगावचं रबर. वायर खालून आत घेतलेली आणि तिला मुद्दाम झोळ दिलेला, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला येऊन जमिनीवर ठिबकेल, आत जाणार नाही. अर्थिंगसाठी खड्डा खणून मीठ-कोळसा भरला. रफीक म्हणाला, "आप्पा, एवढं तर मी माझ्या घराला बी केलं न्हाय."

आणि तापमापकाशेजारी एका तारेला अडकवलेला उडदाचा पापड.

ही पापडाची कल्पना सर्वस्वी आप्पांची. आधी त्यांनी तंबाखूचं पान टांगलं होतं, पण त्याचा भुगा पंख्यात जाईल म्हणून दीपकनं ते काढायला लावलं. मग माझ्या बायकोकडून पापड आला. रोज संध्याकाळी आप्पा पेटी उघडायचे आणि पापडाचा एक तुकडा मोडायचे. कट्कन आवाज झाला तर हवा कोरडी. वाकला तर वल. दीपकला टेंपरेचर सांगून झालं की म्हणायचे, "आणि पापड वाजतोय." पलीकडून दीपक म्हणायचा, "वाजतोय न्हवं? मग झालं." आषाढात निपाणीतल्या यच्चयावत घरांतले पापड वाकत होते, आप्पांच्या पेटीतला वाजत होता. बायको आमचे पापड तिथं ठेवायला देऊ का म्हणून विचारायला लागली.

तेवढ्यावर भागलं नाही. पेटीच्या मागच्या टोपऱ्यातून गरम कोरडा वारा अखंड यायचा. श्रावणात गल्लीतल्या बायकांच्या ते लक्षात आलं. आधी बाळंतिणीच्या घरची दुपटी आली, मग शाळेचे गणवेश, मग माझे पायजमे. आप्पांनी परड्यात दोरी बांधून दिली आणि वार ठरवून दिले. कपडा देणारीनं आधी तो नीट पिळला आहे की नाही हे ते स्वतः बघायचे.

पुढचा घोटाळा पेटीच्या रूपानं केला. उंच पाय, उतरतं छप्पर, आतून अखंड घुमणारा नाद. परड्याच्या कडेनं पायवाट जाते. तिकडून जाणाऱ्या एका म्हातारीनं एके सकाळी थांबून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी दारावर हळदकुंकू. तिसऱ्या दिवशी पुढ्यात नारळ. आप्पांना नारळाचं काही वाटलं नाही, पण कुंकवाची पूड जाळीतून आत जाईल या विचारानं त्यांची झोप उडाली. माझ्याकडं आले. "मास्तर, पाटी लिवून द्या."

मी लिहून दिली, "आत देव नाही, मशीन आहे. कुंकू टाकू नये." खाली तेच कन्नडमध्ये. आमच्याकडं पाटी एका भाषेत लिहिली की पाटीचं राहतं बाजूला आणि भलतीच भानगड उभी राहते. म्हातारी पाटीपुढंही हात जोडून जायला लागली. आप्पांनी तिला एकदा समजावलं, तर म्हणाली, "असू दे की रं बाबा. चांगलं चाललंय न्हवं तुझं? मग झालं."

गणपतीला दीपक आला. त्यानं पेटीभोवती एक फेरी मारली. दार उघडून आतल्या पत्र्यावर हात फिरवला, जाळी बघितली, झोळ बघितला. "आप्पा, आमच्या कंपनीत असलं कुणाला जमणार न्हाय," म्हणाला. आप्पांनी लगेच पापड मोडून दाखवला.

संध्याकाळी आरतीनंतर तो माझ्याकडं आला. गप्पा मारता मारता त्यानं फोन काढला नि मला दाखवला. त्यात आकडे होते. मशीन किती तापलंय, पंखा किती फिरतोय, काम किती झालं, सगळं.

"हे हितनं दिसतंय?" मी विचारलं.

"हितनं बी आणि बेंगळूरनं बी. पयल्यापासनं दिसतंय, सर."

"मग आप्पांना रोज टेंपरेचर कशाला विचारतोस?"

दीपकनं फोन खिशात टाकला. "आई होती तवर मी आईसंगं बोलत होतो. आप्पा शेजारी बसून ऐकायचे. आई गेल्यावर बोलायचं काय तेच कळंना. त्यांनाबी कळंना, मलाबी कळंना. बरं हाय, बरं हाय, ठेवू मग. टेंपरेचर इचारलं की बोलत्यात."

मी प्रसादाची वाटी त्याच्यापुढं सरकवली.

"आणि एक सांगतो, आप्पांना सांगू नगा. आता ह्या मशीननं काय मिळत न्हाय. गणितं अवघड झाली, मशीन जुनं झालं. मिळतंय त्याच्यापेक्षा लायटीचं बिल ज्यादा येतंय. ते मी तितनं फोनवरनं भरतो. आप्पांना सांगितलंय की मशीन आपली लाईट आपण मिळवतंय."

हे आप्पांनी मलाही सांगितलं होतं. मोठ्या अभिमानानं. "कमवून खाणारं जनावर हाय, मास्तर. वैरण बी मागत न्हाय."

मी दीपकला शब्द दिला. मास्तरकी करणाऱ्या माणसाच्या पोटात गोष्ट राहते, पण तोंडावर लपत नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

दिवाळीच्या आधी मीटर बघायला नवीन माणूस आला. आधीचा माणूस बिलाचा कागद दाराच्या फटीत खोचून जायचा, आणि आप्पा तो न बघताच चुलीत घालायचे, कारण बिल दीपक मशीनच्या कमाईतून परस्पर भरतो असा त्यांचा समज होता. या नव्या माणसानं कागद त्यांच्या हातात दिला आणि वर म्हणाला, "काय आप्पा, गिरणी घातलीया काय?" आप्पा कागद घेऊन थेट माझ्याकडं आले.

"वाचा."

"बिल हाय, आप्पा."

"ते मला ठावं हाय. आकडा मला वाचता येतोय. वर कन्नडात काय लिवलंय ते वाचा. हा आकडा आमचाच हाय न्हवं?"

आकडा त्यांचाच होता. मी तसं सांगितलं.

"मशीन एवढं मिळवतंय?"

"मिळवतंय की," मी म्हणालो, आणि उगाच चष्मा पुसायला घेतला.

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "मास्तर, शेटजी वखारीत आले की मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो. मालाला उठाव हाय का न्हाय, ते बोलायच्या आदी मला कळायचं. तुमच्या तोंडावर तर सगळं लिवलंय."

मग मला सांगावं लागलं. बिलाचं सांगितलं. फोनमध्ये सगळं दिसतं ते मात्र मी सांगितलं नाही. तेवढा एक आडपडदा त्या दोघांत शिल्लक राहावा असं वाटलं. आप्पांनी कागदाची नीट चौघडी केली.

"पोरगं माझ्यापायी भरतंय," ते म्हणाले.

"त्याला परवडतंय, आप्पा."

"परवडू दे. उठाव न्हाय तो माल किती दिस सांभाळायचा?" असं म्हणून उठले. दारात थांबून म्हणाले, "तुम्ही बी चला. मला एकट्याला बटन पाडवायचं न्हाय."

आम्ही परड्यात गेलो. ऊन कलायला आलं होतं. दोरीवर कुणाचे तरी दोन फ्रॉक वाळत होते, ते आप्पांनी हात लावून बघितले, वाळलेत असं बघून काढून घडी करून ठेवले. मग पेटीच्या बाजूचं बटन खाली केलं. पंखे हळूहळू मंद होत थांबले. आठ महिने तो आवाज कानात बसला होता. थांबला तेव्हा गल्लीतल्या लांबच्या एका घरातलं भांडं पडल्याचंही ऐकू आलं.

आप्पांनी मला घरात नेऊन बसवलं, चहा टाकला. सदरा बदलला नाही. मला म्हणाले, "आता सातला फोन आला तर काय सांगू त्याला? आणि उद्या कशापायी येईल?" इतकं सरळ ते कधी बोलले नव्हते. मी म्हणालो, "येईल की, आप्पा." पण माझ्या तोंडावर काय लिहिलं होतं कोण जाणे, त्यांनी तिकडं बघितलंच नाही.

सात वाजायला पुष्कळ अवकाश होता, आणि फोन वाजला. आप्पांनी दचकून स्पीकर चालू केला.

"आप्पा, मशीन बंद दिसतंय. लाईट गेली काय?"

"लाईट हाय," आप्पा म्हणाले. "मीच बंद केलं. बिल बघितलं मी." आणि मग थांबले. "बंद दिसतंय म्हंजे? कुठं दिसतंय?"

पलीकडून नुसता बेंगळूरच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला.

"दीपक, कुठं दिसतंय रं तुला?"

"फोनवर."

"टेंपरेचर?"

"ते बी."

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं, आप्पा."

मला वाटलं, आता हे चिडणार. सदरा घालून, टोपी घालून, आठ महिने सातच्या ठोक्याला या माणसानं तो आकडा वाचून सांगितला होता. मी खाली बघत बसलो.

"मग रोज मला कशापायी इचारत होतास?"

"बोलाया, आप्पा," तो म्हणाला.

आप्पांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. हातभर लांब होता तो जरा जवळ आला. "बिल भरू नगोस आता," ते म्हणाले. "इकून टाक मशीन."

"बरं."

"बरं."

आता "ठेवू मग" येणार, हे मला इतकं माहीत होतं की मी उठायच्या बेतातच होतो. ते आलं नाही. आप्पा फोनकडं बघत होते.

"मला हितं करमत न्हाय रं, दीपक," आप्पा म्हणाले. "तुझी आई गेल्यापासनं करमत न्हाय."

वीस वर्षांच्या शेजारात त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझा चहा अर्धा राहिला होता. तो तसाच ठेवून मी आवाज न करता चपला हातात घेतल्या आणि बाहेर आलो. दीपक काय म्हणाला ते मी ऐकलं नाही, ऐकायचं नव्हतंच.

घरी बायकोनं विचारलं, मशीन बंद का झालं, आणि उद्या कपड्यांचं काय. मी म्हणालो, उन्हात घाल. जेवायला बसलो तेव्हा भिंतीपलीकडून आप्पांचा आवाज येतच होता. नेहमीसारखा मोठा नव्हता, म्हणून शब्द लागत नव्हते. "मग ती म्हणाली" एवढं मात्र दोन-तीनदा ऐकू आलं, आणि एकदा दोघांचं हसणं. मी उठून त्या बाजूची खिडकी लावून घेतली.